निकाहची तारीख काढण्याआधी व्हिसा ठरवा

“मुलगा लंडनला आहे.” पैगाम घेऊन आलेल्या खालाच्या तोंडून हे वाक्य बाहेर पडले की घरातला सूरच बदलतो. मग चौकशी सुरू होते. घराणे कसे, नमाज-रोजाचा पाबंद आहे का, भाऊ-बहिणी किती, घर स्वतःचे की भाड्याचे. एक प्रश्न मात्र सहसा कुणी विचारत नाही. तो तिथे कोणत्या कागदावर राहतो, आणि आपली मुलगी कोणत्या कागदावर जाणार?

खेड, चिपळूण, महाड भागातल्या कितीतरी घरांची ब्रिटनशी सोयरीक जुनी आहे. तरीही व्हिसा ही आपल्याकडे निकाहनंतरची, एजंटवर सोपवायची गोष्ट समजली जाते. खरे तर मुलीचे तिथले स्थान त्या एका शिक्क्यावर ठरते. नोकरी करता येईल का, आजारी पडली तर बिल कोण भरणार, संसारात वितुष्ट आले तर तिला तिथे उभे राहायला जागा आहे का, या सगळ्यांची उत्तरे व्हिसाच्या प्रकारात दडलेली असतात.

म्हणून आधी मुलाचा दर्जा विचारा. तो ब्रिटिश नागरिक आहे किंवा त्याला तिथे कायम वास्तव्याचा हक्क आहे, तर पत्नीसाठी सरळ वाट आहे ती स्पाउज व्हिसाची. पण ‘लंडनला आहे’ म्हणजे पुष्कळदा तो शिकायला गेलेला असतो किंवा कामाच्या व्हिसावर असतो. जानेवारी 2024 पासून संशोधन पातळीचे अभ्यासक्रम सोडले तर बहुतेक विद्यार्थ्यांना पत्नीला सोबत नेता येत नाही. त्याच वर्षीच्या मार्चपासून नव्याने केअर वर्करच्या व्हिसावर जाणाऱ्यांनाही ती मुभा उरली नाही. हे मंगनीच्या बैठकीत कळलेले बरे, रुखसतीनंतर नव्हे.

आता त्या सोप्या दिसणाऱ्या वाटेकडे येऊ. “आधी व्हिजिटवर पाठवा, पुढचं इथं बघून घेऊ,” असे तिकडून सांगितले जाते. आमच्या ओळखीच्या एका घरात असेच झाले. निकाह गावात झाला, जेवणावळी झाल्या आणि मुलगी व्हिजिट व्हिसावर गेली. अर्जात कारण लिहिले होते, फिरायला. तिथे पोहोचल्यावर कळले की व्हिजिटवर आलेल्या माणसाला देशात राहून स्पाउज व्हिसात बदल करून घेता येत नाही. काम करण्याची परवानगी नाही. तिला दिवस गेले तेव्हा आणखी एक गोष्ट उघड झाली. तिथल्या सरकारी दवाखान्यांत, ज्यांना एनएचएस म्हणतात, भेटीवर आलेल्यांकडून खर्चाच्या दीडपट रक्कम आकारली जाते आणि बाळंतपणही त्यात येते. सहाव्या महिन्यात ती एकटी विमानात बसून माहेरी आली. बाळाने बापाला कित्येक महिने मोबाइलच्या पडद्यावरच पाहिले. पुढे स्पाउज व्हिसा मिळाला, अलहम्दुलिल्लाह, पण आधीच्या अर्जात ‘फिरायला’ का लिहिले याचा खुलासा करताना घरच्यांची झोप उडाली होती. अर्जात खोटे लिहिल्याचा ठपका आला तर दहा वर्षांपर्यंत दार बंद होऊ शकते. एजंट फॉर्म भरतो, सही मात्र मुलीची असते.

व्हिजिट व्हिसाचाच एक भाऊ आहे, मॅरेज व्हिजिटर व्हिसा. तिथे जाऊन लग्न करून सहा महिन्यांच्या आत परत यायचे, यासाठी तो असतो. तिथे नांदायला जाणाऱ्या मुलीच्या तो कामाचा नाही.

फियान्से व्हिसा मात्र खरोखर काही घरांच्या उपयोगाचा आहे. मुलाचे सगळे कुटुंब तिकडे असेल, लग्न तिथेच करायचे असेल, तर सहा महिन्यांचा हा व्हिसा मिळतो. त्या मुदतीत लग्न करायचे आणि तिथूनच स्पाउज व्हिसासाठी पुन्हा अर्ज करायचा. म्हणजे फी दोनदा, आणि मधल्या काळात नोकरी नाही. शिवाय एक धोका आहे, ज्याबद्दल मला जरा सविस्तर लिहायचे आहे.

आपल्या देशात निकाह म्हणजे कायद्यानेही लग्न. काझी, वली, दोन साक्षीदार, मेहर, इजाब-कबूल, एवढ्यावर ते पूर्ण होते. इंग्लंडमध्ये तसे नाही. तिथे मशिदीत किंवा हॉलमध्ये निकाह पढवला आणि कायद्यानुसार विवाहाची नोंद केली नाही, तर शरीअतच्या नजरेत ती पत्नी असते, कायद्याच्या नजरेत कुणीच नसते. ‘अख्तर विरुद्ध खान’ हा खटला यासाठी माहीत असावा. 1998 साली लंडनच्या साउथॉल भागातल्या एका उपाहारगृहात निकाह झाला होता. पुढे जोडप्याला मुले झाली, वर्षे गेली, आणि विभक्त होण्याची वेळ आली तेव्हा पत्नीने न्यायालयाकडे धाव घेतली. फेब्रुवारी 2020 मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने सांगितले की कायद्याच्या दृष्टीने तो विवाहच नव्हता. म्हणून घटस्फोटाच्या कायद्याने मिळणारा मालमत्तेतला वाटाही नाही.

कुरआनने निकाहला पक्का करार म्हटले आहे. त्या कराराला दुसऱ्या देशाच्या कायद्यात कोणतेच वजन नसेल, तर ते वजन मिळवून देणे हे मुलीच्या वलीचे कामच आहे असे मी मानते. फियान्से व्हिसावर पाठवायचे असेल तर तिकडच्या रजिस्ट्रारसमोरची तारीख निकाहच्याच आठवड्यात असावी, अशी अट बोलणीत घाला.

निकाह इथे केला तर ही अडचण राहत नाही. इथे वैध असलेला विवाह तिथे मान्य होतो. मात्र मुलगा तिकडे बसून आणि मुलगी इकडे बसून फोनवर लावलेला निकाह व्हिसासाठी चालत नाही. काझींचा निकाहनामा घ्या आणि नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत विवाहनोंदणीही करा. जमातीच्या दफ्तरातली नोंद पुरेशी समजू नका. उर्दू-मराठी कागदांचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागते. पासपोर्टवर ‘मोहम्मद’ एका स्पेलिंगने आणि निकाहनाम्यावर दुसऱ्या, असे आपल्याकडे नेहमी होते. ते अर्जाआधी निस्तरा.

स्पाउज व्हिसाच्या अटी कडक आहेत. दोघांचे वय किमान 18, दोघे प्रत्यक्ष भेटलेले. सर्वांत मोठी अट उत्पन्नाची. 11 एप्रिल 2024 पासून ही मर्यादा वर्षाला 18,600 पौंडांवरून 29,000 पौंडांवर गेली. मुलगी पुण्यात लाखभर पगार घेत असली तरी तो यात धरला जात नाही. मुलाचीच कमाई पाहतात. पगार कमी पडत असेल तर सहा महिने जपलेली शिल्लक दाखवता येते, पण नुसत्या शिलकीवर भागवायचे तर 88,500 पौंड लागतात. मुलाकडे सहा महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा मागायला आपण लाजतो. तिथले सरकार त्या मागणारच आहे, मग सासऱ्यांनी आधी पाहिल्या तर काय बिघडले?

इंग्रजीची परीक्षा सुरुवातीच्या पातळीची, बोलणे आणि ऐकणे एवढीच. ती मान्यताप्राप्त परीक्षा-केंद्रावरच द्यावी लागते. कॉलेजप्रवेशासाठी दिलेली साधी आयईएल्ट्स चालेल असे धरून पैसे वाया घालवू नका. इंग्रजीतून पदवी घेतली असेल तर एक्टिस या संस्थेचा दाखला घेऊन परीक्षा टळते. क्षयरोगाचा तपासणी-दाखलाही ठरलेल्या दवाखान्याचाच लागतो.

खर्च ऐकून छातीत धस्स होते. फी दोन हजार पौंडांच्या आसपास, वर आरोग्य अधिभार वर्षाला 1,035 पौंड, म्हणजे पहिल्या व्हिसासाठी एकरकमी 3,105 पौंड. फी वेळोवेळी वाढते, तेव्हा अर्जाच्या दिवशी ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर पाहा. हा खर्च कोणी करायचा? माझ्या मते मुलाने. पत्नीच्या निवाऱ्याची जबाबदारी त्याची आहे, आणि व्हिसा हा निवाऱ्याचाच भाग आहे. काही ठिकाणी तो जहेजसारखा मुलीच्या बापाच्या गळ्यात टाकला जातो, तिथे सरळ नाही म्हणा.

बदल्यात काय मिळते? पहिला व्हिसा दोन वर्षे नऊ महिन्यांचा, मग अडीच वर्षांची वाढ, आणि आजच्या नियमांनुसार पाच वर्षांनी कायम वास्तव्यासाठी अर्ज. पहिल्या दिवसापासून नोकरीची मुभा. आणि अल्लाह न करो, पण सासरी मारहाण झाली, छळ झाला, तर स्पाउज व्हिसावर असलेल्या स्त्रीला त्या कारणाने नवऱ्याशिवाय कायम वास्तव्यासाठी अर्ज करता येतो. अर्जाची तयारी होईपर्यंत तीन महिने सरकारी मदत मिळण्याचीही सोय आहे. ‘व्हिसा रद्द करीन’ ही धमकी तिला मुकाट सोसावी लागत नाही. हा हक्क व्हिजिटवर गेलेल्या मुलीला नाही, आणि फियान्से व्हिसावर असेपर्यंतही नाही.

तेव्हा जाताना दागिन्यांच्या पेटीआधी एक फाईल भरा. पासपोर्ट, निकाहनाम्याची मूळ प्रत, नोंदणीचा दाखला, अर्जाची छापील प्रत, आणि ज्या ई-मेल खात्यावरून अर्ज केला त्याचा पासवर्ड. खाते मुलीच्या नावाने, तिने स्वतः उघडलेले हवे. एजंटचे किंवा नणदेचे नको. फाईल तिच्या हातात राहील, आणि सगळ्याची झेरॉक्स अम्मीच्या कपाटात.