पाळणा न हलणाऱ्या घरातले हसू

पती-पत्नींनी समजून-उमजून मूल न होऊ देण्याचे ठरवले, तर त्या निर्णयाला समाजशास्त्रात ऐच्छिक अपत्यहीनता असे म्हणतात, आणि या निर्णयाच्या वाट्याला उपदेश, कीव व राग यांच्याबरोबरच हसणेही भरपूर येते. हे हसणे कोणाचे आहे आणि कोणाला उद्देशून आहे, यावर त्याचा सगळा अर्थ अवलंबून असतो. धाराशिव जिल्ह्याच्या वाशी तालुक्यातील, फटाक्यांच्या कारखान्यांसाठी मराठवाडाभर ओळखल्या जाणाऱ्या तेरखेड्यासारख्या गावात नवी सून आली, की लग्नाला वर्ष होते न होते तोच ‘पाळणा कवा हलायचा?’ किंवा ‘काही गोड बातमी हाय का?’ असे प्रश्न तिच्याभोवती सुरू होतात. विहिरीवर, हळदीकुंकवात, कुणाच्या बारशात हे प्रश्न बहुधा हसतच विचारले जातात, आणि हसत विचारल्यामुळेच त्यांच्यावर रागावण्याची सोय उरत नाही.

असे हसत विचारण्यामागे नात्यांची एक जुनी रचना आहे. ब्रिटिश मानवशास्त्रज्ञ ए. आर. रॅडक्लिफ-ब्राउन यांनी १९४० मध्ये ‘थट्टेचे नाते’ या कल्पनेवर एक निबंध लिहिला. ज्या नात्यात एकाने दुसऱ्याची चेष्टा करावी आणि दुसऱ्याने ती मनावर घेऊ नये अशी रीतच असते, ते थट्टेचे नाते होय. दीर-भावजय, मेहुणा-मेहुणी, आजी आणि नातवंडे ही मराठी कुटुंबातील अशीच नाती आहेत. परंतु या परवान्याचा ओघ बराचसा एकाच दिशेने वाहतो, कारण नणंद भावजयीला पाळण्याबद्दल छेडू शकते, शेजारीण छेडू शकते, पण सून उलटून सासूला तसा प्रश्न विचारू शकत नाही. ज्या परिसरात तुळजापूरची भवानी आणि येरमाळ्याची येडेश्वरी या देवींच्या पायाशी मुलासाठी नवस बोलले जातात, तिथे मूल नको असे म्हणणाऱ्या स्त्रीला गंभीर उत्तर देण्यासाठी फारशी जागा नसते. मग तिला जी काही जागा मिळते ती पुष्कळदा विनोदातच मिळते.

ही जागा मराठी परंपरेने फार पूर्वी करून ठेवली आहे, आणि तीही त्याच भवानीच्या नावाने. पैठणच्या संत एकनाथांनी (१५३३–१५९९) लिहिलेल्या भारुडांमध्ये, म्हणजे लोकांच्या बोलीत, सोंग घेऊन सादर करायच्या रूपकात्मक गीतांमध्ये, भवानीआईला रोडगा वाहण्याचा नवस बोलणारी एक सून आहे. रोडगा म्हणजे निखाऱ्यावर भाजलेला कणकेचा जाड गोळा. आणि या साध्या नैवेद्याच्या बदल्यात ती देवीकडे जे मागते ते ऐकून चार शतके मराठी श्रोते हसत आले आहेत. सासरा, सासू, जाऊ यांच्यापासून सुटका व्हावी, नणंदेच्या किरकिऱ्या पोराला खरूज व्हावी, नवराही जावा आणि आपण एकटीच उरावे, असे तिचे मागणे आहे. त्याचा आध्यात्मिक अर्थ सर्वांना ठाऊक असतो. सासरची ही माणसे म्हणजे जीवाला जखडणारे विकार होत आणि एकटे राहणे म्हणजे मुक्ती होय, असे कीर्तनकार समजावून सांगतात. तो अर्थ खराच आहे, परंतु भारूड रंगते ते आधी वरच्या अर्थामुळे. नवसाची सगळी चौकट जशीच्या तशी ठेवून, जिथे पुत्रप्राप्तीचे मागणे यायला हवे तिथेच कुटुंबाच्या ओझ्यातून सुटण्याचे मागणे येते. विनोदाच्या अभ्यासात याला विसंगतीचा सिद्धांत म्हणतात. अपेक्षा एका दिशेला चालत असताना वाक्य भलतीकडेच वळते आणि त्या वळणावर हसू फुटते. नाथांनी ही सून दुष्ट ठरवलेली नाही, तिला शिक्षाही दिलेली नाही, उलट तिच्याच तोंडून परमार्थ बोलवला आहे, ही गोष्ट या विषयाच्या दृष्टीने अतिशय मोलाची आहे.

त्यानंतरच्या छापील मराठी विनोदाने मात्र भरलेल्या घराचीच बाजू घेतली. चिं. वि. जोशी यांचा चिमणराव, त्याची पत्नी काऊ, राघू आणि मैना ही मुले आणि गुंड्याभाऊ यांच्या भोवतीचा विनोद निर्मळ आणि प्रेमळ आहे, पण पोरे, पाहुणे आणि पगार यांची ओढाताण हीच त्याची भूमी आहे. मूल नसलेले जोडपे मराठी विनोदात आले तर प्रायः कुणाच्या तरी टोमण्यात आले, स्वतःच्या मताने बोलणारे म्हणून आले नाही.

ती उणीव ज्याने भरून काढली तो मनुष्य व्यवसायाने गणिताचा प्राध्यापक होता. रघुनाथ धोंडो कर्वे यांचा जन्म १४ जानेवारी १८८२ रोजी झाला. स्त्रीशिक्षणाचे महान कार्य करणारे महर्षी धोंडो केशव कर्वे हे त्यांचे वडील. १९२१ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी मेरी स्टोप्स यांनी लंडनमध्ये आपले केंद्र उघडले त्याच वर्षी, र. धों. कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. संततिनियमन म्हणजे मूल केव्हा व्हावे, किती व्हावीत आणि व्हावे की नाही, हे साधनांच्या मदतीने स्वतः ठरवणे. विल्सन कॉलेजात शिकवत असताना हा प्रचार आणि नोकरी यांतले एक निवडण्याची वेळ आली, तेव्हा १९२५ मध्ये त्यांनी नोकरी सोडली. कर्वे आणि त्यांच्या पत्नी मालतीबाई यांनी मूल न होऊ देण्याचे ठरवले होते आणि त्यासाठी शस्त्रक्रिया कर्वे यांनी स्वतःवर करून घेतली होती. ज्या काळात मूल नसण्याचा दोष न विचारता पत्नीच्या माथी मारला जाई, त्या काळात एका पुरुषाने तो प्रश्न स्वतःच्या शरीरावर घेऊन कायमचा मिटवला, याची थोरवी आजही पुरेशी ओळखली गेलेली नाही.

जुलै १९२७ पासून कर्वे यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले आणि ऑक्टोबर १९५३ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत, म्हणजे सव्वीस वर्षे, पदरमोड करून ते टिकवले. या मासिकाची आठवण बहुतेकांना त्याच्या नग्न चित्रांच्या मुखपृष्ठांमुळे आणि खटल्यांमुळे आहे, पण मासिकाच्या आतल्या पानांत हसण्याला मोठे स्थान होते. ‘शारदेची पत्रे’ या सदरात कर्वे एका स्त्रीच्या नावाने लिहीत आणि सनातनी मते, पुढाऱ्यांची भाषणे व चालू घडामोडी यांचा खरपूस समाचार घेत. त्यांच्या उपहासाची रीत गणितातली होती. प्रतिपक्षाचे गृहीतक मान्य करायचे आणि ते पायरी-पायरीने शेवटापर्यंत नेऊन त्यातला विरोध उघडा पाडायचा, या पद्धतीला तर्कशास्त्रात अनिष्टापत्ती म्हणतात. मूल होणे ही देवाची इच्छा असल्यामुळे तीत माणसाने हात घालू नये, असे कुणी म्हटले, तर देवीची लस टोचणे आणि मोडलेला हात बसवणे यांचे काय करायचे, असा प्रश्न या रीतीने आपोआप उभा राहतो. असे हसू वाचकाला गुदगुल्या करून सोडून देत नाही, ते त्याला विचार करायला भाग पाडते. शिवाय बोलणारी व्यक्ती स्त्री आहे, ही योजनाही नाथांच्या भारुडाशी नाते सांगते. गंभीरपणे बोलायची परवानगी नसलेल्या व्यक्तीच्या तोंडी विनोद घातला की त्याची धार वाढते, हे दोघांनाही कळले होते.

या धाडसाची किंमत कर्वे यांनी मोजली. १९३१ मध्ये त्यांना एका लेखाबद्दल शंभर रुपये दंड झाला, आणि १९३४ मध्ये वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांबद्दल पुन्हा खटला भरला गेला, तेव्हा त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मांडली. तो खटलाही कर्वे हरले आणि दोनशे रुपये दंड झाला. १९३८ मध्ये आंबेडकरांच्या प्रेरणेने संततिनियमनाचा ठराव मुंबईच्या विधिमंडळात आला, परंतु तोही फेटाळला गेला. ज्या १९५३ साली ‘समाजस्वास्थ्य’ थांबले, त्याच वर्षी कर्वे यांच्या भावजय इरावती कर्वे यांचा भारतीय नातेसंबंधांच्या रचनेवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. कुटुंब कसे बांधले जाते याचा शास्त्रीय शोध आणि कुटुंब किती वाढवावे याचा झुंजार प्रचार एकाच घराण्यात चालला होता. अजित दळवी यांनी लिहिलेल्या आणि अतुल पेठे यांनी बसवलेल्या ‘समाजस्वास्थ्य’ या नाटकाने आणि त्याआधी अमोल पालेकर यांच्या ‘ध्यासपर्व’ या चित्रपटाने ही झुंज नव्या पिढीपुढे ठेवली, हे उत्तम झाले.

दरम्यान महाराष्ट्र बदलला. एका स्त्रीला आयुष्यात सरासरी किती मुले होतात हे सांगणाऱ्या आकड्याला एकूण प्रजननदर म्हणतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार तो राज्यात १९९२–९३ मध्ये २.९ च्या आसपास होता आणि २०१९–२१ मध्ये १.७ वर आला. लोकसंख्या स्थिर राहण्यासाठी २.१ हा दर लागतो, म्हणजे महाराष्ट्र त्याच्या बराच खाली आहे. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे मूल झालेल्या व्यक्तीला ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही, त्यामुळे गावातले राजकारण ‘दोन’ या आकड्याभोवती फिरते. परंतु दोनावर थांबणे शहाणपणाचे आणि शून्यावर थांबणे मात्र दुर्दैवाचे किंवा स्वार्थाचे, ही समजूत तशीच राहिली आहे, आणि या फटीतच आजच्या जोडप्यांचा विनोद जन्म घेतो.

जगात अन्यत्र या विनोदाने उत्सवाचे रूपही घेतले. अमेरिकेत १९७२ मध्ये अपत्यहीन राहू इच्छिणाऱ्यांची एक संघटना स्थापन झाली आणि १९७४ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये तिने आई-बाप न झालेल्यांचा दिवस साजरा करून वर्षातील सर्वोत्तम ‘अ-पिता’ आणि ‘अ-माता’ यांचा गौरव केला. इकडे मुंबईत २०१९ मध्ये एका सत्तावीस वर्षांच्या तरुणाने, आपल्या संमतीवाचून आपल्याला जन्माला घातल्याबद्दल आई-वडिलांवर दावा लावण्याचा मनोदय जाहीर केला, तेव्हा वकील असलेल्या त्याच्या आईने दिलेले उत्तर जगभर गाजले. जन्मापूर्वी त्याची संमती कशी मिळवता आली असती हे त्याने समजावून सांगितले, तर आपण आपली चूक मान्य करू, असा त्या उत्तराचा आशय होता. मुलाच्या तर्काशी तर्कानेच खेळणारी आणि तरीही त्याच्या धैर्याचे कौतुक करणारी ही आई या विषयातील विनोदाचा एक सुंदर नमुना आहे, कारण तिथे मतभेद पूर्ण राहतो आणि माया कमी होत नाही.

अशा विनोदाचे मानसिक कार्य सिग्मंड फ्रॉइड यांनी १९२७ मधल्या, म्हणजे ‘समाजस्वास्थ्य’ निघाले त्याच वर्षीच्या, एका छोट्या निबंधात सांगितले आहे. परिस्थिती दुखवायला आली असताना दुखावून घेण्यास मन नकार देते आणि त्या नकारातून विनोद निर्माण होतो, असा त्यांचा विचार आहे. मूल नको असलेल्या जोडप्याला हा नकार दर सणाला आणि दर लग्नात द्यावा लागतो. सरळ उत्तर दिले तर वाद होतो, गप्प बसले तर उपचारांचे पत्ते आणि बुवा-बाबांची नावे सुचवली जातात. हसून दिलेले उत्तर विषय बंद करते आणि नाते उघडे ठेवते. यात घरातल्या म्हाताऱ्या बायकांची साथ फार उपयोगी पडते, कारण थट्टेच्या नात्यात आजीला कुणीच अडवू शकत नाही. ‘तिच्या वाटची बी मीच काढून ठेवलीत’ असे सात-आठ बाळंतपणे सोसलेल्या आजीने नातसुनेच्या वतीने म्हटले, तर त्यावर बोलण्याची छाती कुणाचीही होत नाही. आणि त्या हसण्यात आजीची स्वतःची, कधी न विचारली गेलेली इच्छाही बोलून जाते.

या विनोदाला एक मर्यादा मात्र कसोशीने पाळावी लागते. मूल हवे असून न झालेल्यांचे दुःख आणि मूल न घेण्याची निवड या अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बाहेरून पाहणाऱ्याला त्यांतला फरक दिसत नाही. म्हणून हा विनोद ज्याचा निर्णय आहे त्याने स्वतःच्या निर्णयावर करावा, इतरांनी अंदाजाने करू नये. पाळण्याचा प्रश्न हसत विचारणाऱ्यालाही समोरच्या घरात या दोहोंपैकी काय आहे हे ठाऊक नसते, आणि तेवढ्यासाठी तो प्रश्न न विचारणे हेच बरे.

उरतो तो पुरुषांचा भाग, आणि तोच सर्वांत मागे आहे. महाराष्ट्रात जवळजवळ निम्म्या विवाहित स्त्रियांनी कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया करून घेतलेली असते, तर पुरुषांत हे प्रमाण शेकडा एकही भरत नाही. १९७५–७७ च्या आणीबाणीतील सक्तीमुळे नसबंदी हा शब्द भीतीशी जोडला गेला, पुढे तो पारावरच्या थट्टेचा विषय झाला, आणि ती थट्टा आजही पुरुषाच्या मर्दपणावरच घसरते. कर्वे यांनी हीच शस्त्रक्रिया आणीबाणीच्या कित्येक दशके आधी, कुणाच्याही सक्तीशिवाय, पत्नीबरोबर ठरवून करून घेतली आणि त्यानंतर आयुष्यभर लोकांच्या रोषाला सामोरे जात हसवणारे, बोचणारे लेखन केले. पाळणा कधी हलणार हा प्रश्न नवऱ्याला विचारला जाऊ लागेल आणि तो पत्नीकडे बोट न दाखवता, न चिडता, हसत आपल्या दोघांचा निर्णय सांगू शकेल, तेव्हा शारदेच्या पत्रांना खेड्यातला वाचक मिळाला असे म्हणता येईल.