चिठ्ठीवरचं १-०-१

‘१-०-१, जेवणाआधी.’ मधुमेहाच्या असंख्य चिठ्ठ्यांवर ही ओळ असते: सकाळी एक गोळी, दुपारी नाही, रात्री एक. रुग्ण दोन्ही वेळा, ठरल्या वेळी जेवतो असं तिनं गृहीत धरलेलं असतं. परभणी जिल्ह्यात तसं गृहीत धरणं धोक्याचं आहे. गंगाखेड, पालम, सोनपेठकडची कितीतरी जोडपी दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. पहाटे फडात उतरल्यावर भाकरी कधी खायला मिळेल, हे गाडी कधी भरते त्यावर ठरतं. शिवाय एकादशी-चतुर्थीचे उपवास असतात, रमजानचे रोजे असतात.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशातल्या ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह आहे, म्हणजे सुमारे १० कोटी लोकांना. त्यांना कोणती औषधं लिहून दिली जातात, याच्या पाहण्या अनेक रुग्णालयांत झाल्या. त्यांतून साधारण एकच चित्र दिसतं: मेटफॉर्मिन सर्वांत पुढे आणि त्याच्या जोडीला बहुधा ग्लायमेपिराइड.

मेटफॉर्मिनचा पहिला क्रमांक रास्तच आहे. १९५७ साली फ्रान्समध्ये ज्याँ स्टर्न यांनी मधुमेहावरचा त्याचा उपयोग दाखवून दिला. औषध स्वस्त आहे आणि एकटं घेतलं तर साखर सहसा धोक्याच्या पातळीपर्यंत खाली नेत नाही. मात्र ते वर्षानुवर्षं घेतल्यास शरीरातलं बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनात पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गर्भवतींमध्येही बी-१२ची कमतरता मोठ्या प्रमाणावर आढळली होती. बी-१२ कमी झाल्यानंही पायाला मुंग्या येतात. तेव्हा अशा रुग्णाचं बी-१२ न तपासता सगळा दोष साखरेला देऊन चालणार नाही.

ग्लायमेपिराइडचं तसं नाही. पोटात अन्न असो वा नसो, ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं. जेवण लांबलं की घाम फुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. गोळीच्या नावापुढच्या ‘एम २’मधला ‘एम’ बहुधा मेटफॉर्मिनचा असतो आणि ‘२’ म्हणजे दोन मिलिग्रॅम ग्लायमेपिराइड. गावातल्या डॉक्टरांनी एका नावाची आणि तालुक्याच्या दवाखान्यानं दुसऱ्या नावाची गोळी दिली, तर तेच औषध दुप्पट पोटात जातं.

स्वस्त आणि गुणकारी म्हणून ग्लायमेपिराइडचं स्थान आजही आहे. २०२२च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीतही ते आहे. पण त्याच यादीत ग्लिप्टिन गटातल्या टेनेलिग्लिप्टिनचा समावेश झाला. त्याआधी २०१९ अखेर व्हिल्डाग्लिप्टिनचं पेटंट संपलं होतं, २०२२मध्ये सिटाग्लिप्टिनचं संपलं आणि जनऔषधी केंद्रात त्याच्या ५० मिलिग्रॅमच्या दहा गोळ्या ६० रुपयांना आल्या. ही औषधं एकटी किंवा मेटफॉर्मिनसोबत घेतली तर साखर एकदम उतरण्याचा धोका कमी असतो. जेवणाच्या वेळेचा भरवसा नसलेल्या माणसासाठी हा फरक मोठा आहे. नवं ते सगळं बरं, असंही नाही. डापाग्लिफ्लोझिन हृदय आणि मूत्रपिंडासाठी उपकारक ठरलं आहे, पण ते लघवीवाटे साखर आणि पाणी बाहेर टाकतं. परभणीच्या चाळीस अंशांपलीकडच्या उन्हात राबणाऱ्याला ते जपूनच द्यावं लागतं. इन्सुलिन लिहिताना रुग्णाच्या घरी, किंवा फडावरच्या खोपटात, ते थंड कुठे ठेवणार, हेही विचारायला हवं.

परभणीत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या औषधशास्त्र विभागानं दरवर्षी बाह्यरुग्ण विभागातल्या चिठ्ठ्या तपासाव्यात. किती औषधं लिहिली, किती जेनेरिक नावानं लिहिली, हे जागतिक आरोग्य संघटनेचे निकष आहेतच. त्यांत आपल्याकडचा एक प्रश्न जोडावा: रुग्ण काम काय करतो आणि जेवतो कधी, याची नोंद केस पेपरवर आहे का?

वाचकांनीही एवढं करावं. डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्यावीत. कामाची आणि उपवासाची माहिती आपणहून सांगावी. गोळी मात्र स्वतःच्या मनानं बंद करू नये, बदलूही नये.