आईचें दूध आणि ‘ब’ कावीळ

मुळशी तालुक्यांतील मारुंजी हें गांव हिंजवडीच्या संगणक-उद्योगामुळें आज नव्या वस्त्यांनीं वेढलें गेलें आहे. अशा वस्तींतील एखाद्या घरीं बाळ जन्मास येतें आणि त्याच आनंदांत मातेच्या रक्ततपासणीचा कागद हातीं पडतो. त्यावर ‘हिपॅटायटिस बी’ हे शब्द असतात. तिला स्वतःला कसलाच त्रास नसतो. डोळे पिवळे नाहींत, कीं अन्नावरची वासना उडालेली नाहीं. तरीहि वडीलधारें माणूस म्हणतें, “सूनबाई, बाळाला अंगावर पाजूं नकोस.” आणि कोणीतरी दुधाचा डबा आणावयास निघतें.

ही भीति मायेपोटीं उपजलेली असली, तरी अस्थानीं आहे. हा विषाणु मुख्यतः रक्तावाटें पसरतो. मातेकडून अर्भकास तो लागतो तो बहुधा प्रसूतीच्या वेळीं, रक्ताशीं व स्रावांशीं संबंध येऊन. दुधांत त्याचे अंश सांपडतात हें खरें. परंतु दुधामुळें धोका वाढतो, असें दिसून आलेलें नाहीं. तैवानांत डॉ. बीझली व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९७५ सालीं, म्हणजे लस प्रचारांत येण्यापूर्वींच, अंगावर पिणाऱ्या व बाटलीनें पिणाऱ्या मुलांची तुलना केली. दोन्ही गटांतील लागणींत म्हणण्यासारखा फरक आढळला नाहीं.

मग धोका कोठें आहे? तो वेळ दवडण्यांत आहे. मोठेपणीं लागण झाली, तर शंभरांत पांचांहून कमी जणांच्या शरीरांत हा विषाणु कायमचें ठाण मांडतो. अर्भकपणीं लागण झालेल्यांत मात्र सुमारें नव्वदांच्या. पुढें कित्येक वर्षांनीं त्यांतूनच यकृत निबर होऊन आकसण्याचा किंवा यकृताच्या कर्करोगाचा प्रसंग ओढवूं शकतो.

म्हणून लसीची पहिली सुई जन्मापासून २४ तासांच्या आंत टोचली पाहिजे. माता बाधित असल्यास त्याबरोबरच, शक्यतों १२ तासांच्या आंत, इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिद्रव्यांची सुई, दुसऱ्या मांडीवर देतात. लस शरीरास लढावयास शिकवते; तें शिकेपर्यंत ही प्रतिद्रव्यें पहारा करितात. पुढें ६, १० व १४ आठवड्यांनीं उरलेल्या मात्रा द्यावयाच्या. मात्र या सुयांसाठीं पहिलें दूध, तो मोलाचा चीक, अडवून धरण्याचें कारण नाहीं.

स्तनाग्रास चीर पडून रक्त येत असेल, तर बरें होईपर्यंत त्या बाजूचें दूध काढून टाकावें व दुसऱ्या बाजूनें पाजावें. रक्तांत विषाणूंचें प्रमाण फार असल्यास गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहींत डॉक्टर टेनोफोव्हिर हें औषध देतात. तें चालू असतांहि अंगावर पाजतां येतें.

ही लस दुर्मिळ नाहीं. १९६६ सालीं स्थापन झालेल्या पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटमध्यें ती तयार होते आणि सरकारी लसीकरणांत विनामूल्य मिळते. राष्ट्रीय विषाणुजन्य कावीळ नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ रोजीं सुरू झाला. विषाणूचा छडा लावणारे नोबेल पारितोषिकविजेते डॉ. ब्लुम्बर्ग यांचा तोच जन्मदिवस.

तेव्हां मारुंजीच्या त्या घरानें डब्यामागें धांवण्याऐवजीं सुईची वेळ सांभाळावी. बाळ नऊ महिन्यांचें झाल्यावर, वर्षाच्या आंत, त्याचें रक्त तपासून घ्यावें. तोंवर त्याच्या वाट्याचें आईचें दूध कोणीं हिरावून घेऊं नये.