अंगठा, आडनाव आणि तीन नद्या

मोरजीला पत्रकार पाठवायचा तो कासवांसाठी, नाहीतर रशियन पाट्यांसाठी. आमच्या संपादकांनी या वेळी माजी सैनिक सुचवले. गोव्यात, मोरजीच्या पेडणे तालुक्यात फौजी? सावंतवाडी-चंदगडकडे जा, गावोगाव सापडतील. साताऱ्यातल्या अपशिंग्याला तर लोक 'अपशिंगे मिलिटरी'च म्हणतात. पेडण्याचं तसं नाही. 19 डिसेंबर 1961पर्यंत हा मुलूख पोर्तुगिजांचा, तेव्हा इथली भरती म्हणावी अशी सुरू झाली ती त्यानंतर. माजी सैनिक आहेत, पण विखुरलेले. या वाड्यावर एक, पलीकडच्या वाड्यावर दोघं, मध्येच एखाद्याची विधवा.

कागदावरची व्यवस्था नेटकी आहे. दिल्लीला केंद्रीय सैनिक बोर्ड, पणजीत राज्याचं सैनिक कल्याण खातं, औषधपाण्याला 2003पासून ईसीएचएस, पेन्शनीसाठी प्रयागराजहून चालणारं 'स्पर्श' पोर्टल. माहितीपत्रकात नसतं ते अंतर. मोरजीहून पणजी गाठायची तर शिवोलीच्या पुलावरून शापोरा ओलांडायची, मग मांडवी. नौदलाचं जीवंती रुग्णालय वास्कोला, म्हणजे वर जुवारीही. गुडघे गेलेल्या माणसाला एका शिक्क्यासाठी तीन नद्या पार करायला सांगणं सोपं असतं.

ही नद्यांची अडचण एक निवृत्त हवालदार आपल्यापुरती सोडवतात. लष्कराच्या सिग्नल्स विभागात होते. कुठल्या खात्याचे पगारी नाहीत की संघटनेचे पदाधिकारी नाहीत. स्कूटरच्या डिकीत प्लास्टिकच्या फायली. प्रत्येकीत डिस्चार्ज बुक, पीपीओ म्हणजे पेन्शनचा हुकूम, आणि आधारच्या झेरॉक्स. हयातीच्या दाखल्याची वेळ आली की ते पोस्टमनला बरोबर घेऊन दारोदार फिरतात. डिजिटल 'जीवन प्रमाण' 2014मध्ये आलं. 2020पासून पोस्टमन घरी येऊन 70 रुपयांत ते काढून देतो. योजना चांगलीच आहे. अडतं ते बोटांच्या ठशांवर.

मी बघत होतो त्या ओसरीवर एक आजी बसल्या होत्या. जन्मभर काजूच्या बिया सोललेल्या. त्या चिकाने आणि वयाने बोटांवरच्या रेषा पार पुसलेल्या. काचेखाली लाल उजेड लागायचा, विझायचा, पडद्यावर नकार. साबणाने हात धुतले, फडक्याने पुसले, मग मधलं बोट, मग डावा अंगठा. "वैनी, आणखी एकदा. जोर नको, नुसतं टेका." हवालदारांचा आवाज जराही चढत नव्हता, तारायंत्रावर बसलेल्या माणसाचा धीर असावा. शेवटी मोबाइलवर चेहरा. चेहऱ्याची सोय 2021ची. त्यात डोळ्यांची उघडझाप करावी लागते आणि आजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. त्या भीतभीत डोळे मिटत होत्या. झालं एकदाचं.

ही झाली सोपी केस. अवघड असतात ती नावं.

1961पूर्वी जन्मलेल्यांचे दाखले पोर्तुगीज दप्तरातले. नाईकाच्या रोमन स्पेलिंगला शेवटी क्यू-यू-ई, गांवकरात के ऐवजी सी. भरतीच्या दिवशी कारकुनाने कानाला आलं ते लिहिलं. लग्नात बायकोचं नाव बदललं. पलटणीत एक गेलं, आधारवर दुसरं. नवरा जिवंत असेपर्यंत याने कुणाचं काही बिघडत नाही. तो गेला की कुटुंब निवृत्तिवेतन मागणारी बाई आणि नोंदीतली बाई एकच, हे सिद्ध करावं लागतं. त्यासाठी प्रतिज्ञापत्र, मग रेकॉर्ड ऑफिस. मराठा लाइट इन्फंट्रीचा माणूस असेल तर बेळगाव, सिग्नल्सचा असेल तर जबलपूर, खलाशी असेल तर मुंबईत मानखुर्दचा चीता कॅम्प. तिथून दुरुस्ती निघाली की नवा पीपीओ. गोव्यात नाव कायद्याने बदलायला 1990चा वेगळा कायदा आहे, पण सत्तरीच्या बाईला नाव बदलायचं नसतंच मुळी. आपली दोन्ही नावं आपलीच, एवढंच तिला म्हणायचं असतं. मधल्या काळात पोर्टलचा ओटीपी जातो तो बोटीवर गेलेल्या तारवटी मुलाच्या फोनवर. आणि तो फोन भरसमुद्रात बंद.

पेन्शनवाले निदान कुठल्यातरी यादीत तरी असतात. जवानाची पंधरा वर्षं भरली नाहीत तर सेवेची पेन्शनच नाही. अशा हवालदार व त्याखालच्या, पासष्टी ओलांडलेल्या गरजू माजी सैनिकांना केंद्रीय बोर्ड महिना 4,000 रुपये देत असे. ऑक्टोबर 2025मध्ये ते दुप्पट, 8,000 करायचं जाहीर झालं. रक्कम बरी आहे. पण ती आपसूक येत नाही. माणसाने स्वतः अर्ज करायचा, आणि अर्ज कसला, तर निर्धनतेच्या अनुदानाचा.

"तो शब्द वाचून दाखवला की म्हातारा उठून आत जातो," हवालदार म्हणाले. "म्हणतो, मी रायफल घेऊन उभा होतो, भीक मागायला नव्हे." अशा माणसांकडे ते दोन-तीनदा जातात. चहा घेतात, पलटणीच्या गोष्टी काढतात, फॉर्म पिशवीतच ठेवतात. मला हे काम अंगठ्याच्या यंत्राहून कितीतरी कठीण वाटलं. कुठल्या पोस्टमनला सत्तर रुपयांत ते जमणार? फॉर्मवरचा तो एक शब्द दिल्लीत बसून बदलता येईल, असंही वाटलं. हवालदारांनी तसं कुणाला लिहिलंय का, विचारलं. ते म्हणाले, लिहायला बसलो तर फिरणार कोण?