दोन किलोमीटर खोल, दोन बोटं रुंद

साठ गायींचा गोठा घ्या. दुभती गाय दिवसाला साधारण 150 लिटर पाणी पिते, म्हणजे गोठ्याला रोज 9,000 लिटर हवं. अमेरिकेत पेन्सिल्वेनियाच्या ईशान्य कोपऱ्यात, सस्क्वेहाना काउंटीच्या टेकड्यांवर, असे घरगुती गोठे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. त्यांच्याच कुरणात गॅसची एक विहीर चालू करायची तर जमिनीत सुमारे 50 लाख गॅलन पाणी दाबावं लागतं. लिटरमध्ये सांगायचं तर 1 कोटी 90 लाख. तेवढ्यात तो गोठा पावणेसहा वर्षं भागला असता. 19,000 लिटरच्या टँकरनं हे पाणी आणायचं तर गावच्या रस्त्यावरून हजार खेपा, आणि त्याही एकाच विहिरीसाठी. नंतरच्या लांब विहिरींना याच्या दुप्पटही लागतं.

एवढा खटाटोप ज्याच्यासाठी, तो मार्सेलस नावाचा काळा खडक 39 कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रतळाचा गाळ आहे. तो दीड ते अडीच किलोमीटर खोल आहे. गॅस त्याच्या कणाकणात अडकलेला असतो. म्हणून बोअर आधी सरळ खाली नेतात, मग आडवी वळवून आणखी दोन-तीन किलोमीटर, आणि पाणी, वाळू व रसायनं प्रचंड दाबानं घुसवून खडक तडकवतात. रसायनं अवघी एक टक्का, असं सांगितलं जातं. 1 कोटी 90 लाखांचा एक टक्का म्हणजे 1 लाख 90 हजार लिटर. दहा टँकर.

राज्यात अशा 13,000 हून जास्त विहिरी झाल्या. त्यांचं पाणी, विहिरीमागे 50 लाख गॅलन धरून, साडेआठ टीएमसीच्या वर जातं. म्हणजे पानशेत धरणाहून थोडं कमी. आकडा मोठा आहे, पण इथं प्रामाणिक राहिलं पाहिजे: सस्क्वेहाना नदी सरासरी दिवसाला सुमारे 2,600 कोटी गॅलन पाणी समुद्राकडे नेते. सगळ्या विहिरींचं मिळून जेमतेम अडीच दिवसांचं वाहतं पाणी. नदी आटली नाही, आटणारही नव्हती. कोट्यवधींच्या बेरजेत नजर अडकली की खरं दुखणं हातातून निसटतं, कारण ते सेंटिमीटरमध्ये आणि मिलिग्रॅममध्ये मोजावं लागतं.

बोअरचं भोक आणि त्यात उतरवलेली पोलादी नळी यांच्यामध्ये जेमतेम दोन-चार सेंटिमीटरची पोकळी राहते. ती सिमेंटनं भरतात. घरची पाण्याची बोअर साठ-नव्वद मीटरवर थांबते. गॅसची विहीर त्याच पाण्याच्या थरातून आरपार खाली जाते. मधल्या सिमेंटला कुठं चीर गेली की गॅस नळीच्या कडेकडेनं वर चढतो. ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी 2011 मध्ये 68 घरगुती विहिरींचा अभ्यास प्रसिद्ध केला. दाबलेल्या रसायनांचा माग त्यांना त्या विहिरींत लागला नाही. मिथेनचा लागला: जिथं गॅसच्या विहिरी चालू होत्या तिथं लिटरमागे सरासरी 19.2 मिलिग्रॅम, जिथं नव्हत्या तिथं 1.1. सतरा पट. 19 मिलिग्रॅम म्हणजे चिमूटभर मिठाहूनही कितीतरी कमी. पण लिटरमागे 28 मिलिग्रॅमच्या पुढं ताबडतोब उपाय करावा लागतो, कारण पाण्यातून सुटून तो बंद जागेत साठतो आणि ठिणगीची वाट पाहतो.

सस्क्वेहाना काउंटीतल्या डिमॉक गावात 1 जानेवारी 2009 ला तसंच झालं. घराच्या अंगणातली पाण्याची विहीर फुटली, तिच्यावरची काँक्रीटची लादी उडाली.

याच गावात 2006 च्या सुमारास कॅबट या गॅस कंपनीनं एकरी 25 डॉलर देऊन जमिनीचे करार केले होते. वर गॅसच्या उत्पन्नातला आठवा हिस्सा. दुधानं भागत नसताना सही करणाऱ्या शेतकऱ्याला मी हावरट म्हणणार नाही. त्या पैशानं काहींची शेतं वाचलीही. पण राज्यातली तीस लाखांवर माणसं खासगी विहिरींचं पाणी पितात, आणि त्या विहिरी कशा बांधाव्यात याचे नियमच राज्यात नाहीत. खोदाईआधी पाणी तपासून घेतलेलं नसेल, तर आधी ते चांगलं होतं हे सिद्ध कशानं करायचं?

परत वर येणारं पाणीही आहे. येतं थोडंच, साधारण दहावा हिस्सा, पण समुद्राहून कितीतरी पट खारं आणि खडकातलं रेडियम घेऊन. 2010 मध्ये टायोगा काउंटीत असं पाणी कुरणात पाझरलं. राज्याच्या कृषी खात्यानं 28 गुरं वेगळी बांधून ठेवली. त्यांच्या हाडामांसात स्ट्रॉन्शियम उतरलं असेल, ही भीती होती.

डिमॉकच्या पाण्यावरून कंपनीवर भरलेला खटला 29 नोव्हेंबर 2022 ला संपला. फुटलेल्या विहिरीपासून 5,080 दिवसांनी. कॅबटची वारसदार कोटेरा कंपनी आरोपाला आव्हान न देता शिक्षेला तयार झाली: गावाला नळानं पाणी आणायला 1 कोटी 62 लाख 90 हजार डॉलर, आणि बाधित घरांची पाणीपट्टी 75 वर्षं.

पेन्सिल्वेनियानं 1859 मध्ये टायटसव्हिलला तेलाची विहीर खोदली, तेव्हापासूनच्या बेवारस विहिरी किती, याचा सरकारी अंदाजच 1 लाखापासून 5 लाख 60 हजारांपर्यंत पसरलेला आहे. आजच्या 13,000 विहिरींचा गॅसही एक दिवस संपेल. नळीभोवतीचं ते दोन बोटांचं सिमेंट मात्र त्यानंतरही धरून राहायला हवं. पाणीपट्टीचा करार 2097 ला संपतो.