कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५ आणि कामगार संघटनांचे उत्तरदायित्व

प्रस्तावना :
खाजगी उद्योगातील कामगाराचे निवृत्तिवेतन प्रामुख्याने १६ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आलेल्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेवर अवलंबून असते. तत्पूर्वीची १९७१ ची योजना कुटुंब निवृत्तिवेतनापुरती मर्यादित होती. ही योजना कामगारांना कितपत समजली आहे आणि ती समजावून देण्यात कामगार संघटना कोठे उपयोगी पडतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

योजनेचे गणित :
मालकाच्या १२ टक्के वर्गणीपैकी ८.३३ टक्के रक्कम निवृत्तिवेतन निधीत वळती होते. मात्र ती संपूर्ण पगारावर नसून वेतनमर्यादेपुरतीच असते. ही मर्यादा २००१ पासून ६,५०० रुपये होती. १ सप्टेंबर २०१४ रोजी ती १५,००० रुपये करण्यात आली. निवृत्तिवेतनपात्र वेतनास सेवेच्या वर्षांनी गुणून ७० ने भागले असता मासिक निवृत्तिवेतन मिळते. सप्टेंबर २००७ ते ऑगस्ट २०२५ अशी १८ वर्षे सेवा झालेल्या व मर्यादेहून अधिक पगार असलेल्या कामगाराचे उदाहरण घेऊ. पहिल्या ७ वर्षांचे ६५० रुपये व पुढील ११ वर्षांचे सुमारे २,३५७ रुपये, असे एकूण ३,००७ रुपये त्याच्या हाती येतात. त्याचा अखेरचा पगार ३०,००० असो वा ५०,०००, या आकड्यात फरक पडत नाही. सरकारी नोकराप्रमाणे आपल्यालाही 'शेवटच्या पगाराच्या निम्मे' मिळेल, अशी समजूत बाळगणाऱ्या कामगाराला हे सत्य बहुधा निवृत्तीच्या वेळीच कळते. (आपणा प्राध्यापकांपैकी २००५ नंतर रुजू झालेल्या किती जणांनी स्वतःच्या अंशदान खात्याचा उतारा बारकाईने वाचला आहे, हाही प्रश्न विचारण्याजोगा आहे.)

याहून मोठी हानी दहा वर्षांच्या अटीमुळे होते. मासिक निवृत्तिवेतनासाठी किमान १० वर्षांची सेवा आवश्यक आहे. नोकरी बदलताना कामगार 'फंडाचे पैसे' काढतो, तेव्हा नमुना १०-सी भरून निवृत्तिवेतनाचा भागही अनेकदा उचलतो. त्याबरोबर मागील सेवा पुसली जाते व मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. त्याच नमुन्यावर योजना प्रमाणपत्र घेऊन ती सेवा पुढे जोडता येते, हे सांगणारा कोणी जवळ असावा लागतो.

संघटनांचे कार्य :
वेतनकरार आणि बोनस हे आपल्या संघटनांचे पारंपरिक विषय. निवृत्तिवेतन हा 'कागदपत्रांचा' विषय मानला गेला व तो कंपनीच्या कार्यालयावर सोपविण्यात आला. वास्तविक भविष्य निर्वाह निधीच्या केंद्रीय विश्वस्त मंडळात कामगारांचे १० प्रतिनिधी असतात. परंतु तेथील चर्चा कारखान्याच्या फाटकापर्यंत क्वचितच पोहोचते. एप्रिल २०१६ मध्ये निधी काढण्यावरील निर्बंधांविरुद्ध बंगळूरच्या वस्त्रोद्योगातील कामगार स्त्रिया हजारोंच्या संख्येने रस्त्यावर आल्या आणि केंद्र सरकारला ती अधिसूचना मागे घ्यावी लागली. ते आंदोलन मुख्यतः उत्स्फूर्त होते. संघटना त्यांच्या मागून आल्या, ही बाब प्रस्तुत लेखकास चिंतनीय वाटते.

४ नोव्हेंबर २०२२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने मात्र संघटनांना या विषयाकडे वळणे भाग पडले. प्रत्यक्ष वेतनावर वाढीव निवृत्तिवेतन घेण्याचा पर्याय पात्र कामगारांसाठी खुला झाला व अर्जाची मुदत वाढत वाढत ११ जुलै २०२३ पर्यंत गेली. हा पर्याय सरसकट लाभाचा नव्हता. मागील वर्षांच्या वर्गणीतील फरक व्याजासह निधीतून वळता करावयाचा, म्हणजे हाती येणारी एकरकमी रक्कम घटवून आजन्म मासिक रक्कम स्वीकारावयाची होती. प्रकृती, वय, मुलांची शिक्षणे आणि घराचे कर्ज पाहून ज्याने त्याने निर्णय घ्यावयाचा होता. अशा वेळी भाषण देणाऱ्या पुढाऱ्यापेक्षा कामगाराशेजारी बसून त्याचे पासबुक वाचणारा कार्यकर्ता अधिक उपयोगी ठरतो. मालकाने वर्गणी भरली आहे काय, नोकरी सोडल्याची तारीख नोंदली आहे काय, विवाहानंतर स्त्रीचे नाव आधारपत्रावर व निधीच्या खात्यात एकच आहे काय, या तपासण्या क्षुल्लक दिसतात. पण दावे बहुधा याच कारणांनी अडतात.

किमान निवृत्तिवेतन २०१४ मध्ये १,००० रुपये ठरले. ते ७,५०० रुपये व महागाई भत्ता असे व्हावे, या मागणीसाठी निवृत्त कामगारांनी स्वतंत्र संघटना उभारल्या असून बुलढाणा हे त्या आंदोलनाचे एक प्रमुख केंद्र राहिले आहे. कंत्राटी कामगारांची स्थिती याहून बिकट आहे. कंत्राटदार बदलला की त्यांच्या सेवेची सलग नोंद राहतेच असे नाही, आणि कायम कामगारांच्या संघटनेच्या सभासदपटावर त्यांची नावे बहुधा नसतात.