पळस : काळ्या जमिनीतील बहुउपयोगी देशी वृक्ष

परभणी जिल्ह्यातील भारी काळी जमीन पावसाळ्यात चिबडते व उन्हाळ्यात भेगाळते. ही दोन्ही टोके सोसणाऱ्या देशी वृक्षांत पळसाची (ब्युटिया मोनोस्पर्मा) गणना होते. फेब्रुवारी-मार्चमध्ये निष्पर्ण फांद्यांवर फुलणारा केशरी बहर शोभिवंत असतो. शिवाय मैना, बुलबुल व शिंजीर यांना टंचाईच्या काळात मधुरस मिळतो आणि परागीभवनही साधते. लाकूड उघड्यावर अल्पायुषी, परंतु पाण्याखाली टिकाऊ असल्याने पूर्वी विहिरीच्या कामी वापरले जाई. बियांची उगवणक्षमता लवकर घटते. म्हणून मे-जूनमध्ये पक्व शेंगा गोळा करून लगेच पेराव्यात. सोटमूळ खोल जात असल्याने कायम जागीच टोकणी श्रेयस्कर. रोपांची वाढ संथ असते. त्यामुळे आरंभीची काही वर्षे आग व नांगर यांपासून संरक्षण द्यावे. शेताचे बांध कोरले जात असताना महाविद्यालयीन परिसर हा या वृक्षाचा आश्रय ठरू शकतो.